भाडं थकलं, नोटीस आली, खोली राहिली

गिरगावात जुन्या चाळीत आमची पागडीची खोली. भावाची नोकरी गेली आणि भाडं मागेपुढे व्हायला लागलं. मालकांनी वकिलाची नोटीस धाडली, थकबाकी भरा नाहीतर खोली खाली करा. आई तर सामान बांधायच्याच गोष्टी करू लागली.

ओळखीच्या वकीलबाईंनी आधी जुन्या पावत्या मागितल्या. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १५ समजावलं. लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत मालकाला थकबाकीवरून खोली खाली करून घ्यायचा दावाच लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा, पुढचं भाडंही निकालापर्यंत भरत राहायचं. मग थकबाकीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही.

भिशी उचलली, नोटिशीला लेखी उत्तर दिलं, पैसे घेऊन मालकांकडे गेलो. घेईनात! त्यांना खोलीच हवी होती. मनीऑर्डर केली, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली. आमची तोंडं उतरली, वकीलबाई मात्र खूश. आपण पैसे द्यायला तयार होतो याचा याहून चांगला पुरावा कुठला?

शेवटी पत्रासोबत चेक पाठवला. तो वटला. पावतीही मागून घेतली, कलम ३१ प्रमाणे ती द्यावीच लागते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र कलम १५ चा आधार नाही, त्यांनी आपला करार काढून वाचावा.