पहिल्या क्रूझसाठी वरच्या दर्जाची केबिन घ्यावी का?

क्रूझचे बुकिंग करताना एजंट भाडे सांगतो आणि त्याच दमात विचारतो, की थोडे पैसे वाढवले तर खिडकीची किंवा बाल्कनीची केबिन मिळते, करून टाकू का? अमरावती, यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातल्या गावातून पहिल्यांदाच समुद्रावर निघालेल्या कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देऊ नये. हा निर्णय घरी बसून घ्यावा. आणि माझ्या मते दोन-तीन रात्रींच्या पहिल्या सफरीत केबिनचा दर्जा वाढवण्यापेक्षा तिची जागा नीट निवडण्यात जास्त शहाणपण आहे.

केबिनचे ढोबळमानाने चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली, न उघडणाऱ्या खिडकीची, बाल्कनीची आणि सर्वांत महाग स्वीट, म्हणजे सर्वांत मोठी, ऐसपैस केबिन. स्वीटच्या काही खास सवलती सोडल्या, तर मुख्य भोजनगृह, रंगमंचावरचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव बहुतेक जहाजांवर सर्वांना सारखाच खुला असतो. म्हणजे जादा पैसे जातात ते खोलीपुरते.

ही खोली आधी डोळ्यांनी पाहावी. आतली केबिन साधारणपणे १२० ते १८० चौरस फुटांची असते आणि संडास-बाथरूमही त्यातच येते. मोठ्या घरात वाढलेल्या माणसाला नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून अंगणात चुन्याने १४ फूट लांब आणि १० फूट रुंद चौकोन आखावा, दाराजवळच्या कोपऱ्यात ५ बाय ४ फुटांची बाथरूम काढावी, उरलेल्या जागेत दोन खाटा टाकाव्यात आणि बॅगा खाटांखाली सरकवाव्यात, कारण जहाजातही त्या पलंगाखालीच जातात. मग जितकी माणसे एका केबिनमध्ये राहणार आहेत, तितक्यांनी त्या चौकोनात उभे राहून पाहावे. तिसरा आणि चौथा बिछाना बहुधा भिंतीतून किंवा छतातून उतरतो आणि त्यावर शिडीने चढावे लागते. आजीला तो देता येत नाही, हे बुकिंगच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही.

दुसरी परीक्षा अंधाराची. एका रात्री दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून, शून्याचा दिवाही बंद करून झोपावे. आतल्या केबिनमध्ये पहाट झाल्याचे कळत नाही. कुणाला याने गाढ झोप लागते, तर कुणाचा जीव घाबरा होतो. घरात असे घाबरणारे कोणी असेल, किंवा दुपारी खोलीतच पडून राहणारे वयस्क आई-वडील सोबत असतील, तर खिडकीच्या केबिनचे पैसे खुशाल द्यावेत. मात्र खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असल्यास त्या केबिनच्या वर्णनात दृश्य अडलेले असल्याची नोंद असते. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

बोट लागण्याची, म्हणजे जहाज डोलल्याने मळमळण्याची भीती असेल, तर मात्र वरच्या दर्जाची केबिन उलटी अंगाशी येऊ शकते. जहाजाचे नाक आणि शेपूट सर्वांत जास्त वर-खाली होते, मधला भाग सर्वांत कमी; आणि जितके वरचे मजले, तितके झुलणे अधिक. बाल्कनीच्या केबिन सहसा वरच्या मजल्यांवर असतात. त्यामुळे चिखलदऱ्याच्या घाटात ज्यांना हमखास उलटी होते, त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची (मजल्यावरची), अगदी मधोमध असलेली साधी केबिन चांगली. जहाजाचा डेक-नकाशा मागून घ्यावा आणि आपल्या केबिनच्या वर-खाली काय आहे तेही पाहावे: वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो, आणि खाली रंगमंच असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. दोन्ही बाजूंना आणि वर-खाली केबिनच असलेली जागा उत्तम.

बाल्कनीचा मोह मार्ग पाहून आवरावा. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि मावळता सूर्य उजव्या हाताला राहतो, पण प्रवासाचा मोठा भाग रात्रीचा असेल तर बाल्कनीतून काळोखच दिसणार. लक्षद्वीपसारख्या मार्गावर पूर्ण दिवस समुद्रात जात असेल, तर तिचा काही उपयोग. (ओले कपडे तिथे वाळत घालू देत नाहीत, हेही आधीच सांगितलेले बरे.) शिवाय २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलेले कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मूळचे १९९० चे आहे, आणि त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन कमीच असत.

आता पैसा. भाड्यातला फरक बहुधा माणशी सांगितला जातो, त्यामुळे तो ऐकायला लहान वाटतो. समजा माणशी ६,००० रुपये फरक आहे आणि सफर दोन रात्रींची आहे; दोघांचे १२,००० झाले, म्हणजे रात्रीला ६,०००, आणि त्यावर कर वेगळा. एजंटला स्पष्ट विचारावे, “भाऊ, सगळ्यांचे मिळून, करांसह, एकूण किती वाढतील?” चौघांच्या कुटुंबाने आणखी एक भाव काढावा: एका बाल्कनीच्या केबिनऐवजी शेजारशेजारच्या दोन आतल्या केबिन. आकडे जवळपास आले, तर दोन केबिन घ्याव्यात, कारण सकाळी दोन बाथरूम असण्याचे सुख समुद्रदर्शनाहून मोठे आहे.

काही कंपन्या निघण्याच्या काही दिवस आधी वरच्या दर्जाच्या केबिनसाठी ईमेलने बोली लावायला सांगतात. ही बोलीही सहसा माणशीच असते, मान्य झाली की कार्डातून पैसे वळते होतात आणि परत मिळत नाहीत. मुख्य म्हणजे नवी केबिन कोणती, हे कंपनी ठरवते. मधोमध निवडलेली जागा जाऊन टोकाची मिळू शकते, आणि दोन कुटुंबे सोबत असतील तर ती वेगवेगळ्या मजल्यांवर जाऊ शकतात. ज्यांनी विचारपूर्वक जागा निवडली आहे, त्यांनी बोलीच्या वाटेला जाऊ नये. चढण्याच्या दिवशी काउंटरवर रिकामी केबिन असल्यास तिथेही विचारता येते, फक्त पैसे देण्याआधी केबिनचा क्रमांक घ्यावा आणि तो नकाशावर शोधून पाहावा.