दुसऱ्याच्या जीपीजी किल्लीची ग्वाही टर्मिनलवरून कशी द्यावी

जीपीजी हा संदेश गुप्त करण्याचा आणि सह्या करण्याचा प्रोग्राम. त्यात प्रत्येकाची एक जाहीर किल्ली असते, जिने इतर त्याला गुपितं पाठवतात, आणि ती उलगडणारी एक गुप्त किल्ली. एखाद्याच्या जाहीर किल्लीवर तुम्ही सही करता तेव्हा एकच गोष्ट सांगता: हे नाव, हा ईमेल पत्ता आणि ही किल्ली एकाच माणसाची आहे, हे मी स्वतः पडताळलं आहे. माणूस भला की बुरा, याबद्दल ती सही काही बोलत नाही. पण तिच्या भरवशावर त्या माणसाला कधीही न भेटलेले लोक त्याच्या किल्लीने गुपितं पाठवतील. त्यामुळे टाइप करण्याचं काम पाच मिनिटांचं असलं, तरी त्याआधीच्या पडताळणीत घाई चालत नाही.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

पडताळायचा असतो तो फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची खूण. सध्या सर्रास दिसणाऱ्या चौथ्या आवृत्तीच्या किल्लीचा फिंगरप्रिंट ४० चिन्हांचा असतो: शून्य ते नऊ आणि ए ते एफ, चार-चारचे दहा गट. किल्लीच्या मालकाने तो आपल्या संगणकावर असा काढायचा:

जीपीजी --फिंगरप्रिंट त्याचा-ईमेल-पत्ता

मग तो कागदावर छापून तुमच्या हातात द्यायचा. भेट शक्य नसेल आणि आवाज तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल, तर फोनवर वाचून दाखवला तरी चालतो. नाव ओळखपत्रावरून तपासा. मात्र फिंगरप्रिंट ईमेलने आला, किंवा जिथून किल्ली उतरवली त्याच संकेतस्थळावर वाचला, तर ती पडताळणी नव्हे. किल्ली बदलणारा फिंगरप्रिंटही बदलू शकतो.

शेवटच्या ८ चिन्हांवर तर कधीच विसंबू नका. ते जेमतेम ३२ बिट होतात आणि तीच शेवटची ८ चिन्हं असलेली दुसरी किल्ली साध्या संगणकावर तयार करता येते. २०१४ साली अशा जुळ्या किल्ल्या हजारोंनी बनवून दाखवल्या गेल्या आहेत.

आता किल्ली आपल्या साठ्यात घ्या. मालकाने फाइल दिली असेल तर:

जीपीजी --इम्पोर्ट किल्ली.एएससी

कीसर्व्हरवरून (जाहीर किल्ल्या ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) घ्यायची असेल तर --रिसीव्ह-कीज लिहून पुढे पूर्ण फिंगरप्रिंट द्या. सहीसाठी सगळ्यात भरवशाची आज्ञा ही:

जीपीजी --क्विक-साइन-की फिंगरप्रिंट

फिंगरप्रिंट पडद्यावरून कॉपी करू नका. हातातल्या कागदावरून सलग, मोकळ्या जागा न सोडता टाइप करा. म्हणजे तुलना डोळ्यांवर न सोडता यंत्राकडून होते: साठ्यातली किल्ली वेगळी असेल तर ती सापडणारच नाही आणि सही होणार नाही. ४० चिन्हं नुसती नजरेने जुळवताना माणूस पहिला आणि शेवटचा गट बघतो आणि मधले सोडून देतो.

ही आज्ञा काही न विचारता सगळ्या चालू यूजर आयडींवर (किल्लीवरच्या नाव-ईमेलच्या जोड्यांवर) सही करते. एकच पत्ता पडताळला असेल तर फिंगरप्रिंटनंतर जागा सोडून तो ईमेल पत्ता लिहा. प्रश्नोत्तरं हवी असतील तर --एडिट-की ने किल्ली उघडा, ‘यूआयडी २’ अशी निवड करा (निवडलेल्यापुढे तारा दिसतो), मग ‘साइन’ आणि शेवटी ‘सेव्ह’. सेव्ह राहिलं तर सहीही राहते.

--आस्क-सर्ट-लेव्हल जोडून --साइन-की चालवली, तर पडताळणी किती काळजीपूर्वक केली ते विचारलं जातं. उत्तर ० ते ३ मध्ये द्यायचं. इथे १ निवडू नका: जीपीजी मुळातच २ च्या खालच्या सह्या मोजत नाही, अपवाद फक्त ० चा. शून्य म्हणजे ‘सांगत नाही’, आणि बहुतेकांना तेच पुरेसं आहे.

किल्ली फक्त स्वतःच्या कामापुरती मान्य करायची असेल, उदाहरणार्थ एखाद्या सॉफ्टवेअरची प्रकाशन-किल्ली, तर --एलसाइन-की वापरा. ती सही तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. प्रत्यक्ष न भेटता जाहीर सही करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी प्रामाणिक आहे.

सही झाली की ती कीसर्व्हरवर परस्पर चढवू नका, मालकालाच पाठवा. पुढे काय करायचं ते तो ठरवेल. शिवाय कागदावरून ईमेल पत्ता खरा त्याचा आहे हे कुठे सिद्ध होतं? म्हणून सही त्याच पत्त्यावर आणि त्याच किल्लीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून धाडायची. पत्ता आणि गुप्त किल्ली दोन्ही त्याच्याकडे असतील तरच ती त्याच्या हाती पडेल.

जीपीजी --आर्मर --एक्स्पोर्ट फिंगरप्रिंट > सही.एएससी
जीपीजी --आर्मर --रेसिपियंट फिंगरप्रिंट --एन्क्रिप्ट सही.एएससी

पत्ते अनेक असतील तर प्रत्येक यूजर आयडीची सही वेगळ्या पत्राने जायला हवी. हाताने ते किचकट आहे. डेबियनच्या साइनिंग-पार्टी पॅकेजातली ‘कॅफ’ ही स्क्रिप्ट नेमकं हेच करते, फक्त संगणकावरून ईमेल पाठवण्याची सोय आधी चालू असावी लागते.

मालकाने पत्र उलगडून --इम्पोर्ट करायचं आणि --चेक-सिग्ज ने बघायचं. ‘सिग’ पुढे उद्गारचिन्ह असेल तर सही बरोबर, वजा असेल तर खराब. कीसर्व्हरवरून पुन्हा उतरवलेल्या किल्लीत सही दिसली नाही तर घाबरू नका. २०१९ मध्ये काही किल्ल्यांवर ढिगाने खोट्या सह्या चढवल्या गेल्या. त्यानंतर जीपीजी २.२.१७ पासून कीसर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या आपोआप गाळल्या जातात. फाइलमधून आलेल्या सह्या टिकतात.

अडचणी बहुतेक ठरलेल्या असतात. ‘गुप्त किल्ली नाही’ असा संदेश आला, तर गुप्त किल्ल्यांच्या यादीत ‘सेक’ पुढे # आहे का बघा. तसं असेल तर मुख्य किल्ली या संगणकावर नाही. दुसऱ्याच्या किल्लीवर सही फक्त मुख्य किल्लीनेच होते, उपकिल्लीने (तिला जोडलेल्या दुय्यम किल्लीने) नाही. पासफ्रेजची (गुप्त किल्लीच्या पासवर्डची) खिडकी न उघडता ‘आयऑक्टल’ची तक्रार आली, तर जीपीजी_टीटीवाय या चलात टीटीवाय आज्ञेचं उत्तर भरून ते एक्स्पोर्ट करा. मुदत संपलेल्या किल्लीवर सही होत नाही, मालकाकडून नवी प्रत मागवा.

चुकीच्या किल्लीवर सही झालीच, तर ती पाठवण्यापूर्वी --एडिट-की मध्ये ‘डेलसिग’ ने काढून टाका. पाठवून झाली असेल तर ‘रेव्हसिग’ करा, सेव्ह करा आणि ते रद्दपत्र सही जिथे जिथे पोचली तिथे तिथे पोचवा.