हळद लागली तरी लग्नाच्या फोटोत चेहरा उजळ दिसावा म्हणून

कोल्हापुरात नवऱ्यामुली तयार करायला लागून मला 17 वर्षं झाली. पार्लरची पायरी चढता चढताच मुली विचारतात, "ताई, गोल्ड फेशियल करू की डायमंड?" मी आधी तीन तारखा लिहून घेते. हळद कधी, लग्न कधी, रिसेप्शन कधी. फेशियल कुठलं करायचं हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न. माझ्या पाहण्यातले बहुतेक चेहरे बिघडले ते हळदीच्या आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत, आणि तेही घरच्यांनी प्रेमाने दिलेल्या सल्ल्यांमुळे. म्हणून या लेखात हळदीवरच जास्त लिहिणार आहे. बाकीचं पटपट सांगून टाकते.

दोन महिने आधी

तरुण वयात त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण 28 दिवस लागतात. त्यामुळे जे काही सुरू करायचं ते दोन महिने आधी करा, नाहीतर करूच नका. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि एसपीएफ 30 किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन एवढंच रोज लागतं. सनस्क्रीन मटाराएवढं लावून भागत नाही. दोन बोटांच्या लांबीइतकं चेहऱ्याला आणि मानेला घ्या, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. लग्न एप्रिल-मेमधलं असेल तर नेमक्या याच दिवसांत गुजरीत सोनं, महाद्वार रोडला साड्या, इचलकरंजीला कापड आणि पत्रिका वाटायला गावोगाव अशी फिरती होते. रंग उतरतो तो या फिरतीत.

गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ एक दिवसाआड धुवा. आठवडाभर तोच घामट, धुळीचा स्कार्फ गालावर घासून आलेल्या पुटकुळ्या मी खूप पाहिल्यात. प्री-वेडिंगचं शूटिंग पन्हाळ्यावर करायचं असेल तर दीड महिना आधी उरका आणि सकाळी लवकर जा. भर दुपारी तटबंदीवर चार तास काढले की आलेला काळपटपणा आठ दिवसांत जात नाही.

केळवणांवरून मुलींना उगाच धाकात ठेवतात. तांबड्या रश्श्याला दोष देऊ नका. त्रास होतो तो रोजच्या जागरणाचा, आणि काहींना गोडधोडाचा. शेवटच्या दोन दिवसांत मात्र खारट जेवण कमी करा, कारण त्याने सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते.

मुरमं असतील तर पार्लरमध्ये येऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, त्वचारोग विभाग आहे. मेडिकलच्या दुकानातून मैत्रिणीच्या सांगण्यावरून "गोरं करणारी" ट्यूब आणणं तर आजच बंद करा. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा चकाकतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात आग होते. 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच कारणाने. तुम्ही महिनोन् महिने असं काही लावत असाल तर एकदम सोडूही नका, आधी डॉक्टरांना दाखवा. एकदम सोडलं तर चेहरा उफाळून येतो, आणि लग्नाच्या तोंडावर ते निस्तरता येत नाही.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांतलं काहीही चेहऱ्याला लावू नका. त्वचा किंचित आम्लधर्मी असते. सोड्याने तो तोल बिघडतो, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात.

हळद

आता मुद्द्याचं. माझ्या स्वतःच्या लग्नात हळदीच्या आदल्या संध्याकाळी मी ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग आणि पूर्ण वॅक्स असं सगळं एका बैठकीत करून घेतलं होतं. तेव्हा मी या धंद्यात नव्हते. पार्लरवालीने "उद्या हळद आहे ना, मग आजच करू, एकदम ताजा ग्लो दिसेल" असं सांगितलं आणि मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मांडवात पहिला हात गालाला लागला तेव्हाच झोंबलं. मावश्या म्हणाल्या, "हळद हाय गं, औषध असतंय, लावून घे की भरपूर!" मी तासभर तशीच बसले. मग मोरीत जाऊन अंगाच्या साबणाने खसाखसा धुतलं, तर पिवळा रंग तांबडा झाला. मी घाबरून आणखी घासलं. रात्री भुवयांच्या वर आणि वरच्या ओठावर चट्टे उठले. लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा पिवळा, मान त्याहून पिवळी, आणि ओठाभोवती लाल कडं. तो अल्बम मी आजही कुणाला दाखवत नाही. आई तेव्हा माझ्यापेक्षा जास्त रडली होती.

हळद तांबडी का झाली, हे मला फार उशिरा कळलं. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीला लागलं की तांबडं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, म्हणून साबण लागताच रंग पालटतो. तो तांबडेपणा म्हणजे जखम नसते, पण मुलीला ती जखम वाटते. मग ती घासत सुटते, आणि घासण्याने खरी जखम होते. दुसरी गोष्ट म्हणजे हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे बादलीभर पाणी ओतून हळद निघणार नाही.

ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बहुधा अमोनिया असतो. त्याने लव पांढरी होते, पण वरचा थरही दुखावतो. वॅक्सने त्या थराचे बारीक पापुद्रे निघतात. अशा उघड्या त्वचेवर हळद घासली की ती झोंबते आणि रंगही जास्त धरते. शिवाय ब्लीचने पांढरी झालेली लव हळदीत पिवळीधमक होते आणि जवळून काढलेल्या फोटोत गालावर पिवळा केसाळ थर दिसतो. म्हणून माझा नियम असा की हळदीच्या दिवशी त्वचा धड असली पाहिजे, आणि त्यासाठी बाकीच्या तारखा मागे मोजत यायचं.

ब्लीच माझ्याकडे मी करतच नाही. कुणी अडूनच बसलं तर हळदीच्या 15 दिवस आधी, तेही कोपराच्या आत थोडं लावून 24 तास वाट पाहून. फेशियल 8 ते 10 दिवस आधी, आणि तेच, जे तुम्ही याआधी किमान दोनदा करून पाहिलंय. वॅक्स आणि थ्रेडिंग 4 दिवस आधी. रेटिनॉल, ॲडापलीन, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेलं काही लावत असाल तर वॅक्सच्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर वॅक्सबरोबर कातडी सोलून येते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा सहा महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्स करायचंच नाही. हे पार्लरमध्ये कुणी विचारत नाही, तुम्हीच सांगायचं. शेवटचे 4 दिवस चेहऱ्याला फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. करवलीने पुण्याहून आणलेला शीट मास्क लग्नानंतर लावा.

आता हळद कुठली आणायची. सांगली आपल्या शेजारी, हळदीची एवढी मोठी बाजारपेठ, आणि तरी लोक मांडवाच्या सामानात आलेली भडक पिवळी पुडी फोडतात. भेसळीच्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा कपड्याचा रंग घालतात, आणि तो चेहऱ्यावर चिवट बसतो. हळकुंडं आणा, घरी वाळवा आणि कांडपातून दळून घ्या. तिथे आधी चटणीचं कांडप झालेलं नाही ना, हे उभं राहून बघा. मिरचीचा अंश राहिलेल्या यंत्रातली हळद लागून एका नवरीचे डोळे सुजलेले मी पाहिलेत.

दळलेली हळदही नुसती लावू नका. अर्धी वाटी बेसन, एक चहाचा चमचा हळद, कालवायला दूध किंवा साय. रंग फिकट दिसतो म्हणून घरातल्या बायका कुरकुर करतील. करू द्या. सुवासिनींनी पहिला मान म्हणून निव्वळ हळद कपाळाला, हाताला, पायाला टेकवावी. चेहऱ्याला हे मिश्रण.

अवघड जागा एकच, उष्टी हळद. नवरदेवाला लावलेली हळद तिकडून येते आणि नवरीला लागते. त्या वाटीत काय आहे हे तुमच्या हातात नसतं. मला हा प्रश्न सोडवायला बरीच वर्षं लागली. आता मी मुलीच्या आईला सांगते की चार दिवस आधी विहीणबाईंना फोन करा आणि म्हणा, "आमची दळलेली हळद पाठवतो, दोन्हीकडं एकच वापरूया." आमच्याकडे हे कुणालाच खटकलेलं मी पाहिलं नाही, उलट मानाची गोष्ट म्हणून घेतात. ते जमलं नाही तर उष्टी हळद हातापायांना लावा. शास्त्र तेवढ्याने पुरं होतं.

हळदीला बसण्याआधी चेहऱ्याला मॉइश्चरायझर आणि त्यावर भुवया, केसांची कड, नाकपुड्यांच्या बाजू, ओठ आणि मानेच्या वळ्या इथे व्हॅसलीनचा पातळ हात. कोरड्या जागी हळद सगळ्यात घट्ट धरते, आणि लग्नाच्या फोटोत पिवळं दिसतं ते नेमकं याच ठिकाणी. मान कुणाच्या लक्षात राहत नाही. मानेला चेहऱ्याइतकंच जपा.

फोटो वीस मिनिटांत उरकायला सांगा. फोटोग्राफर "अजून एक पोज" म्हणत राहतो आणि हळद सुकून तडकते. सुकू द्यायची नाही. ओलसर असतानाच मऊ सुती कापडाने, जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या तुकड्याने, नुसती टिपून काढा. मग तळहातावर खोबरेल घेऊन चेहऱ्यावर आणि मानेवर हलक्या हाताने फिरवा. तेल पिवळं होईल. दुसऱ्या स्वच्छ तुकड्याने पुसा. पुन्हा तेल, पुन्हा नवा तुकडा. तीन-चार वेळा केल्यावर कापड जवळजवळ स्वच्छ येतं. त्यानंतरच फेसवॉश, कोमट पाणी आणि मॉइश्चरायझर. अंगाचा साबण, वज्री, दगड, मिठाचा स्क्रब, लिंबाची फोड, हे मोरीतून आधीच उचलून ठेवा, कारण कुणीतरी काकू मागून येऊन घासायला घेतेच. थोडी पिवळसर झाक राहील. राहू द्या. ती दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत जाते, आणि जी उरते ती मेकअपच्या बेसखाली झाकते. सोललेली त्वचा मात्र कुठल्याही बेसखाली झाकत नाही.

एवढं करूनही आग होत असेल किंवा पुरळ आलं तर गार पाण्याच्या घड्या ठेवा, काही लावू नका, आणि तासाभरात उतरलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. ऐन वेळी मोठी पुटकुळी आली तर फोडू नका. फोडलेल्या पुटकुळीची खपली मेकअपमध्ये उठून दिसते. कापडात बर्फ गुंडाळून दोन-दोन मिनिटं धरला की सूज उतरते.

नवरदेवाच्या घरच्यांनीही हे वाचा. मुलगा हळदीच्या दिवशी सकाळी सलूनमधून घोटून दाढी करून येतो, वस्तऱ्याच्या ताज्या रेघांवर हळद लागते, आणि बिचारा लग्नात लाल हनुवटी घेऊन उभा राहतो. दाढी आदल्या दिवशी सकाळी करा.

लग्नाच्या दिवशी

झोप झालेली असावी. सकाळी गार पाणी, मॉइश्चरायझर, आणि दहा मिनिटं थांबून मगच बेस.

एक चाचणी मात्र सोडू नका, आणि ती लग्नाच्या आठवडाभर आधी ट्रायल मेकअपला करा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि सिलिका असलेली पांढरी सेटिंग पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकतात. आरशात सगळं छान दिसतं आणि फोटोत चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. गोरज मुहूर्ताला आणि रात्रीच्या रिसेप्शनला हे हमखास होतं. पूर्ण मेकअप झाला की खोलीतले दिवे बंद करा आणि कुणाला तरी फोनचा फ्लॅश लावून समोरून फोटो काढायला सांगा. चेहरा मानेपेक्षा पांढरा आला तर पावडर बदला. बेसचा रंगही त्या फोटोत मानेशी ताडून बघा. मुलीला तिच्या रंगापेक्षा दोन छटा गोरं करून द्या असं आई सांगते तेव्हा मी सरळ नाही म्हणते. कॅमेऱ्याला सारखी आणि ओलसर तजेल्याची त्वचा आवडते, मग ती सावळी असो की गव्हाळ. आणि हार घालताना हात चेहऱ्याशेजारी येतातच, तेव्हा वेगळा रंग लगेच उघडा पडतो.

हाच फ्लॅशचा फोटो हळद काढून झाल्यावर त्या संध्याकाळी बिनामेकअपचा एकदा काढा आणि तुमच्या मेकअपवालीला पाठवा. कुठे पिवळं राहिलंय ते तिला रात्रीच कळतं, आणि सकाळी ती त्या हिशेबाने बेस घेऊन येते.