रानटी डुकरांच्या शिकारीसाठी गोळी कशी निवडावी : काळजापर्यंत पोहोचेल, पण आरपार जाऊन घात करणार नाही अशी

डुक्कर जागच्या जागी पडलं होतं. नेम चुकला नव्हता. तरी चाळीसेक मीटर मागे असलेल्या गुरांच्या पाण्याच्या टाकीला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार मातीत सांडत होती. .308 या मोठ्या रायफल-काडतुसातली संपूर्ण तांब्याची गोळी डुकरातून आरपार जाऊन पत्र्यात घुसली होती. रँचमालकाला टाकीचे पैसे दिले, तोही काही लागेल असं बोलला नाही. पण त्या जागी एखादं वासरू पाणी पीत असतं तर, हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून टेक्सासातली, ह्यूस्टन-डॅलसकडची आपली मंडळी कुठली रायफल, कुठलं काडतूस असं विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना विचारतो, की डुकराच्या मागे काय असणार आहे?

अमेरिकेतली ही डुकरं मूळची इथली नाहीत. 1539 मध्ये हर्नांडो दे सोतो या स्पॅनिश सेनानीने फ्लोरिडात डुकरं आणली. पुढे मोकाट सुटलेली पाळीव डुकरं आणि शिकारीसाठी युरोपातून आणलेले रानडुक्कर यांची सरमिसळ झाली. आज सर्वांत जास्त डुकरं टेक्सासात आहेत आणि एका रात्रीत ती मक्याचं शेत नांगरल्यासारखं उकरून टाकतात. म्हणूनच 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, शिकारीच्या परवान्याशिवाय डुक्कर मारता येतं. पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर इथे थांबा. तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायची तर केंद्रीय कायद्यातली सूट लागते, आणि ती मिळवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे शिकारीचा वैध परवाना. डुकरासाठी राज्य परवाना मागत नसलं तरी तुम्ही तो काढाच. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे रानडुकराला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे, त्यामुळे इथलं काहीही तिथे लागू करू नका.

आधी जमीन बघा, मग दुकानात जा

दिवसाउजेडी त्या जागेवर एक फेरी मारा. घर, रस्ता, गोठा, कुंपण, पाण्याचा पंप कुठे आहे ते कागदावर काढा. रायफलची गोळी मोकळ्यावर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, तेव्हा ‘मागे झाडी आहे’ ही काही आड नव्हे. आड म्हणजे मातीचा उंचवटा, टेकडीचा उतार किंवा मचाणावरून खाली मारताना डुकराच्या पायाखालची जमीन. सपाट माळावर दहा-बारा फूट उंचीच्या मचाणाने जे साधतं ते महागड्या काडतुसानेही साधत नाही, कारण जवळच्या अंतरात डुकरातून निघालेली गोळीसुद्धा थोड्या अंतरावर मातीत रुतते. जमीन दगडाळ असेल तर मात्र गोळी उसळते, हे धरून चाला.

मग गोळीची घडण

काडतुसाच्या आकारापेक्षा गोळी कशी बांधली आहे, यावर ती कुठे थांबणार हे जास्त ठरतं. पूर्ण तांब्याच्या वेष्टनातली ‘फुल मेटल जॅकेट’ गोळी सरावासाठी ठीक, शिकारीला नको. ती फुलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. डुक्कर जखमी होऊन पळतं आणि गोळी पुढे जाते ती जातेच. हिरव्या टोकाची, आत पोलादी गाभा असलेली लष्करी पद्धतीची 5.56 काडतुसं स्वस्त मिळतात म्हणून घेणारे दिसतात, तीही टाळा.

दुसरं टोक म्हणजे ससे-कोल्ह्यांसारख्या लहान जनावरांसाठी केलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ हॉर्नडीची व्ही-मॅक्स. त्या लागताक्षणी फुटतात. आरपार जायचा धोका जवळजवळ नाही, म्हणून काही जण डुकरासाठीही त्याच सुचवतात. मला ते पटत नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली एक चिवट थर असतो, त्याला शिकारी ‘ढाल’ म्हणतात. सोलताना सुरी त्यावर अडते, वहाणेचा तळ कापतोय असं वाटतं. तिथे ही गोळी वरच्यावर फुटली तर जनावर दिवसचे दिवस तडफडतं. आरपार जाऊ नये म्हणून अर्धवट मारणं हा उपाय नव्हे.

या दोन टोकांच्या मधली गोळी आपल्याला हवी, म्हणजे ‘सॉफ्ट पॉइंट’. टोकाला उघडं शिसं, बाकी तांब्याचं कवच. ती अंगात शिरली की अळंबीसारखी फुलते, रुंद होते आणि त्यामुळे तिचा वेग मरतो. नीट काम झालेली गोळी पुष्कळदा पलीकडच्या कातडीखाली सापडते, बोटाने चाचपली तर गाठीसारखी लागते. संपूर्ण तांब्याच्या गोळ्या, जशी बार्न्सची टीएसएक्स, फुलतात पण वजन टिकवून खोल जातात आणि बहुतेकदा बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिसं चालत नाही, तिथे तांबंच वापरावं लागतं. तिथल्यांनी मागच्या आडीबद्दल दुप्पट काटेकोर राहावं.

वेग आणि वजन

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. हळू जाणारी गोळी सुरक्षित, असं वाटतं. खरं तर उलटं घडू शकतं. सॉफ्ट पॉइंट फुलायला वेग लागतो. साधारण सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या खाली बऱ्याच गोळ्या नीट उघडत नाहीत. .300 ब्लॅकआउट या प्रकारातलं 220 ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आवाजाच्या वेगापेक्षा मंद काडतूस घेतलंत आणि गोळी त्या वेगासाठी खास बनवलेली नसेल, तर ती न फुलता सरळ पलीकडे जाते. त्याच रायफलमध्ये 110 ग्रेनची वेगवान, फुलणारी गोळी जास्त लवकर थांबते.

माझी निवड सांगतो. आसपास घरं-गुरं असलेली लहान शेतं, शंभर मीटरच्या आतलं अंतर आणि पन्नास-साठ किलोची डुकरं असतील, तर .223 रेमिंग्टन या हलक्या काडतुसात 60 ते 64 ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, विंचेस्टरच्या 64 ग्रेन पॉवर-पॉइंटसारखी. मोठे नर येत असतील तर .243 किंवा .30-30 ही त्याहून जड काडतुसं. .308 मोठ्या, मोकळ्या आणि मागे टेकडी असलेल्या रँचसाठी, तीही 150 ग्रेनच्या साध्या सॉफ्ट पॉइंटमध्ये. तरीही लहान डुकरातून ती आडवी आरपार जाईल असंच समजा. कुठलंच काडतूस थांबण्याची हमी देत नाही, बरगड्यांमधून वाट मिळाली तर .223सुद्धा बाहेर पडते.

विकत घेताना दोन-तीन प्रकारचे एकेक डबे घ्या आणि रेंजवर तुमच्या रायफलमधून कुठला घट्ट गट देतो, म्हणजे कुठल्या डब्यातल्या गोळ्या एकाच जागी लागतात, ते बघा. ज्याने नेम ठरवला त्याच डब्यातली काडतुसं शिकारीला न्या. मातीच्या बांधासमोर पाण्याने भरलेले गॅलनचे कॅन एकामागे एक रचून गोळ्यांची तुलनाही करता येते. पाण्यात गोळी अंगातल्यापेक्षा जास्त फुलते, म्हणून त्यावरून फक्त ‘ही त्याहून कमी जाते’ एवढंच ठरवा.

चाप ओढण्याआधी

डुकराचं काळीज आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरा. हरणासारखं खांद्याच्या मागे मारलं तर गोळी पोटात जाते. कळप असेल तर थांबा. डुकरं एकमेकांना चिकटून चरतात आणि आरपार गेलेली गोळी मागच्या पिल्लाला लागते. रात्री थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून गरम अंग लख्ख दिसतं, पण मागचं थंड कुंपण किंवा टाकी पार्श्वभूमीत मिसळून जाते. म्हणून दिवसा काढलेला तो कागद खिशात ठेवा आणि कुठल्या दिशेला गोळी सोडायचीच नाही हे आधी ठरवा.

डुक्कर पडल्यावर हातमोजे घाला, कारण त्याच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा रोग होऊ शकतो. मग पलीकडची बाजू तपासा. बाहेर पडल्याची जखम दिसली तर गोळीच्या रेषेत चालत जा आणि ती मातीत कुठे शिरली ते शोधा. ती खूण तुम्ही ठरवलेल्या आडीत नसेल, तर पुढच्या वेळी त्या मचाणावरून त्या दिशेला मारू नका.