वजन जास्त असेल तर धुरकट हवेत हृदय कसं जपायचं

मी ५३ वर्षांची आहे. उंची १६४ सेंटीमीटर, आणि चार वर्षांपूर्वी वजन ९१ किलो होतं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मिठाचं आणि व्यायामाचं विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न केला: "रोज रहदारीत किती वेळ असता?" धूर म्हणजे खोकला आणि दमा, एवढंच तोवर मला ठाऊक होतं.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीचा जेमतेम पंचविसावा भाग. ते फुप्फुसांत खोलवर जातात आणि तिथे दाह सुरू होतो. त्याचे पडसाद रक्तात उमटतात: रक्तवाहिन्या आखडतात, रक्त गोठण्याकडे कलतं, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा तोल ढळतो. पोटातली चरबीही नुसती पडून नसते, दाह वाढवणारी रसायनं ती स्वतःच सोडत असते. म्हणजे आत आधीच धुमसतंय आणि बाहेरून त्यावर फुंकर बसते. शिवाय जड शरीराला प्राणवायू जास्त लागतो, त्यामुळे मिनिटाला हवाही जास्त ओढली जाते आणि तिच्याबरोबर कणही.

अमेरिकेत ६५ हजारांहून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पीएम २.५चं प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने जास्त असेल तिथे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका २४ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि वजन जास्त असलेल्या स्त्रियांत हा परिणाम अधिक ठळक होता. प्रत्येक अभ्यासात वजनाचा फरक इतका स्पष्ट निघत नाही. तरी मला हात-पाय हलवायला एवढं पुरलं.

आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, मग आकडा वाचा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी आहे. माझी मर्यादा ८२ होती आणि टेपवर १०४ आले. वजनकाट्यापेक्षा मी टेपला जास्त मानते, कारण घातक चरबी पोटात असते.

मग रोज सकाळी हवेचा आकडा बघा. नुसता हिरवा-पिवळा रंग बघू नका, रंगांच्या पट्ट्या देशागणिक बदलतात. पीएम २.५चा आकडाच शोधा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. १५च्या आत असेल तर मी मनसोक्त चालते, ५०पर्यंत आतल्या रस्त्याने, त्यापुढे घरातच. हा हिशेब माझा स्वतःपुरता आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पण कृपा करून चालणं सोडू नका! मी भीतीने दोन महिने सोडलं होतं. वजन ३ किलोंनी वाढलं आणि रक्तदाबही चढला. मार्ग बदला. मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं तरी वाहनांचा धूर बराच कमी होतो. थंडीत पहाटेची हवा ताजी वाटते, पण धूर तेव्हा जमिनीलगत साचलेला असतो. ऊन वर आल्यावर निघा. उन्हाळ्यात उलट, दुपारी जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रास देणारा वायू वाढतो. हवा खराब असताना धावू नका. बोलता येईल इतपतच वेग ठेवा.

मास्क एन-९५ हवा, गालांना आणि हनुवटीला घट्ट बसणारा. कापडी मास्कमधून यातले बरेच कण आरपार जातात. मास्कमुळे धाप लागली तर ओढून-ताणून घालू नका, चालणंच आवरतं घ्या.

घरात, रहदारीच्या गर्दीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या लावा, स्वयंपाक करताना धूर बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवा. हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र एकच परवडत असेल तर ते झोपायच्या खोलीत ठेवा, कारण सलग सात-आठ तास आपण तिथेच असतो. मोठ्याने घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, तर तपासणी करून घ्या. वजनाबरोबर येणारा हा त्रास हृदयावर वेगळा भार टाकतो.

वजन सावकाशच उतरतं. माझे ८ किलो कमी व्हायला १४ महिने लागले. ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखर सुधारू शकते. मात्र त्याची वाट बघत हवेचं टाळू नका. खिडकी आजच लावता येते.

माझ्या वहीत तीन रकाने आहेत: हवेचा आकडा, रक्तदाब, त्या दिवशी कसं वाटलं. दर तपासणीला ती सोबत नेते. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यांतलं काहीही जाणवलं तर "आज हवाच वाईट आहे" म्हणून पडून राहू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा.