ट्रॅक्टरचं ऑइल काळं झालं तर घाबरू नका, दुधाळ झालं तर चावी फिरवू नका

सोयाबीनची मळणी सुरू झाली की मराठवाड्यात ट्रॅक्टरला दम खायला सवड नसते. दिवसभर मळणी यंत्राला जुंपून एका जागी भुसकटाच्या धुळीत उभा, तिथून सुटला की रोटाव्हेटर, मग हरभऱ्याची पेरणी. हरभऱ्याचं बी भरण्याआधी एखाद्या सकाळी दहा मिनिटं काढून इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी बघा.

इंजिन थंड हवं, ट्रॅक्टर सपाट जागी हवा. बांधावर तिरका उभा असेल तर पट्टी खोटं बोलते. पट्टी एकदा पुसून परत पूर्ण आत घाला आणि मग वाचा. फडकं पांढरं घ्या. कळकट फडक्यावर काय रंग दिसणार?

नवं ऑइल मधासारखं असतं, पण डिझेल इंजिनात पाच-दहा तासांतच ते काळं पडतं. डिझेल जळताना काजळी होते आणि ती गाळ न होऊ देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. मोटारसायकलचं ऑइल सावकाश तपकिरी होतं, म्हणून तो हिशेब ट्रॅक्टरला लावू नका. ऑइल बदलायचं ते तासाच्या मीटरवर. बऱ्याच ट्रॅक्टरांना 250 तास सांगितलेले असतात. आपल्या पुस्तिकेतला आकडा बघा आणि धुळीचं काम जास्त झालं असेल तर त्याआधीच बदला. फिल्टरही सोबत बदला, तिथं कंजुषी नको.

आता एक थेंब अंगठा आणि बोटात चोळा. खरखर लागली तर धूळ आत गेलीय. एअर क्लीनरच्या वाटीत तळाला चिखलासारखा थर साचला असेल तर वाटी धुऊन नवं ऑइल भरा आणि नळीचे क्लिप आवळा. काळ्या ऑइलात उन्हाला धरल्यावर चांदीसारखी किंवा पितळी चमक दिसली, तर बेअरिंग-बुश झिजायला लागलेत. पेरणीआधीच मिस्त्रीला दाखवा.

‘आमचा ट्रॅक्टर ऑइल खात नाही, उलट वाढतंय,’ असं कौतुकानं सांगणारे भेटतात. ऑइल आपोआप वाढत नसतं. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल, तर इंजेक्टर गळतोय किंवा फीड पंपातून डिझेल आत उतरतंय. असं पातळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

खरी भीती दुधाच्या चहासारख्या रंगाची. म्हणजे ऑइलात पाणी. खात्री करायची तर गरम पत्र्यावर एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) फुटलेलं असतं, नाहीतर लायनरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीच्या, रबरी रिंगा गेलेल्या असतात. रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय आणि बाहेर कुठं गळत नाही, ही त्याची पहिली खूण. आपल्याकडे याचं मूळ बऱ्याचदा बोअरच्या पाण्यात असतं. त्या पाण्याच्या क्षाराची आतून खपली धरते, इंजिन तापतं आणि गॅसकेट जातं. चार पैसे जास्त गेले तरी कूलंटच भरा आणि मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवरचं भुसकट रोज संध्याकाळी झटका.

2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना-मांजराच्या काठी पुराचं पाणी शिवारात शिरलं होतं. असं बुडालेलं ट्रॅक्टर ‘चालू होतंय का बघू’ म्हणून सेल्फ मारायचं नाही. आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट ढिला करा. पाणी जड, म्हणून आधी तेच येतं. गिअर-हायड्रॉलिकचं ऑइलही तपासा, तिथंही पाणी शिरतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

थंडीत ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली आणि पट्टी स्वच्छ असली, तर ती बहुतेक वाफ थंड होऊन जमलेली असते. ट्रॅक्टर तासभर कामाला लावा, ती उडते.

काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका, डब्यात भरून भंगारवाल्याला द्या. आणि बदलल्या दिवसाचे मीटरचे तास मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं पेरणीच्या धांदलीत कुणाला सापडत नाही.