मॅप टेबलात उतरवण्याआधी

जावाच्या एखाद्या क्लासमध्ये वस्तूचं नाव निरनिराळ्या भाषांत ठेवायचं, तर मॅप सोयीचा: भाषेचा कोड ही की आणि नाव ही व्हॅल्यू. जावाच्या वस्तू डेटाबेसच्या टेबलांत साठवणाऱ्या हायबरनेट लायब्ररीने तो डेटाबेसमध्ये नेण्याआधी बरीचशी तयारी कीचीच करावी लागते, व्हॅल्यू सहसा छळत नाही.

आधी व्हॅल्यू साधी स्ट्रिंग आहे का स्वतंत्र एंटिटी, म्हणजे स्वतःचं टेबल असलेला क्लास, ते ठरवा. स्ट्रिंग असेल तर एलिमेंटकलेक्शन हे अ‍ॅनोटेशन (कोडमध्ये फील्डवर लिहायची सूचना) आणि त्याचं वेगळं टेबल. ही सोय २००९ च्या जेपीए २.० मध्ये आली; जेपीए म्हणजे हायबरनेट पाळतं ते जावाचं मानक. एंटिटी असेल आणि कोड तिच्याच एखाद्या फील्डमध्ये असेल, तर वनटूमेनी (एका वस्तूला अनेक एंटिटी) या अ‍ॅनोटेशनला मॅपकी जोडलं की झालं. मॅपकीकॉलम हे वेगळं प्रकरण, ते टेबलात की ठेवणाऱ्या कॉलमबद्दल बोलतं. आणि नुसतं कॉलम हे अ‍ॅनोटेशन इथे व्हॅल्यूला लागू होतं, त्यामुळे कीची लांबी त्यात लिहून उपयोग नाही.

ती लांबी नीट ठरवा. दोन अक्षरं पुरतील असं वाटतं, पण कोकणीचा कोड ‘केओके’ असा तीन अक्षरी आहे. कॉलमला नुसतं ‘की’ हे नाव देऊ नका, मायएसक्यूएलमध्ये तो राखीव शब्द आहे. कोलेशन, म्हणजे डेटाबेसचे अक्षरं ताडून पाहायचे नियम, तेही पाहून घ्या. मायएसक्यूएल ८.० चं डीफॉल्ट कोलेशन कॅपिटल आणि स्मॉल एकच मानतं, जावाचा हॅशमॅप मात्र दोन मानतो. मालकाचा (मॅप ज्या वस्तूचा तिचा) आयडी आणि मॅपची की मिळून टेबलाची प्रायमरी की होते, म्हणून मेमरीत गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या दोन नोंदी इन्सर्टच्या वेळी डुप्लिकेट ठरतात. कोड आत घेतानाच लोअरकेस करणं मला कोलेशन बदलण्यापेक्षा बरं वाटतं.

कीसाठी एनम (ठरावीक पर्यायांची यादी) असेल तर ती स्ट्रिंग म्हणून साठवायला सांगा. डीफॉल्ट क्रमांकाचा असतो आणि मधे एक भाषा घुसली की जुन्या ओळींचे अर्थ बदलतात. नल व्हॅल्यूची ओळ हायबरनेट साठवतच नाही, तेव्हा ‘भाषांतर बाकी’ असं नलने दाखवायचा बेत सोडा.

मॅप डीफॉल्टने लेझी असतो, म्हणजे गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून आणला जातो. यादीच्या पानावर प्रत्येक वस्तूमागे एक क्वेरी नको असेल, तर बरेच मॅप एकाच क्वेरीत आणणारं बॅचसाइझ लावा.

शेवटी एसक्यूएल लॉग चालू करून एकच नाव बदलून पाहा. एक अपडेट दिसायला हवा. त्याऐवजी सगळ्या ओळी डिलीट होऊन पुन्हा इन्सर्ट होताना दिसल्या, तर सेटर (फील्डची किंमत बदलणारी मेथड) नवाकोरा मॅप बसवतोय. तिथे जुन्याच मॅपवर पुट आणि रिमूव्ह वापरा.